एक जूनची दोनशे बारा नावं

बसली की तिचा उजवा पाय हलायचा. टेबलावरच्या ग्लासातलं पाणी त्यानं थरथरायचं. चहा अर्धा प्यायची आणि उठायची. भाकरी उभ्यानं खायची, खिडकीत. कुणाशी रस्त्यात बोलायचं तर स्कूटर बंद करायची नाही. कुलूप लावलं की दोनदा ओढून बघायची, चार पावलं जायची, परत येऊन तिसऱ्यांदा ओढायची. फोन उचलल्यावर हॅलो नाही, थेट "काय बंद पडलं?" पासवर्ड आठवायचा असला की डोळे मिटून बोटं हवेत चालवायची. म्हणायची, डोक्याला न्हाय, बोटांना म्हाईत असतंय.

जयवंताताई निरवांगीची. वय चौतीस. आजीचं नाव तिला ठेवलेलं. इंदापूरला संगणकाचा डिप्लोमा केला, लग्न झालं, मोडलं, परत माहेरी आली. लग्नावर ती बोलायची नाही. रोज स्कूटरनं बारामतीला यायची आणि जायची.

मी दूध संघाच्या कार्यालयात आवक-जावक बघते. सभेची इतिवृत्तंही लिहिते. मराठीत एम. ए. केलं म्हणून ते काम माझ्याकडे. त्यावरून ती मला 'एमे' म्हणायची. "ए एमे, चल, वायर धर." अशी आमची मैत्री झाली. ती वायर ओढायची, मी दुसरं टोक धरायचे.

आमचा दूध संघ बारामतीचा. इंदापूरकडची एक संस्था त्यात दोन वर्षांपूर्वी विलीन झाली. टँकर आठवड्यात रंगवून झाले. पाट्या बदलल्या. संगणक तसेच राहिले.

बारामतीत सगळं विंडोजवर. कर्मचारी कोण, त्याचा पासवर्ड काय, त्यानं कोणतं पान उघडायचं, कोणतं नाही, हे एका यादीत असतं. तिला डिरेक्टरी म्हणतात. इंदापूरकडे लिनक्स. त्यांची डिरेक्टरी वेगळी, आणि ती आठ वर्षं जयवंताताईनं एकटीनं सांभाळलेली. दोन्ही याद्या एकमेकींना ओळखत नव्हत्या. इकडचा साहेब तिकडे गेला की त्याला दाराबाहेर उभं राहावं लागायचं.

मी विचारलं, म्हणजे नक्की काय करायचं?

"एका गावात दोन तलाठी बसलेत, असं समज," ती म्हणाली. "दोघांचं दप्तर येगळं. आता वरून हुकूम आला, दोन्ही दप्तरं राहू द्या, पण माणूस एकच दिसला पायजे. मग आधी ठरवावं लागतं, ह्या दप्तरातला गणपा त्या दप्तरातलाच गणपा हाय का."

बरीच माणसं दोन्हीकडे होती. गावच्या संकलन केंद्राचे सचिव सकाळचं दूध एकीकडे घालायचे आणि संध्याकाळचं दुसरीकडे. त्यांना दोन पासवर्ड, दोन नंबर. आता एक माणूस, एक पासवर्ड, एक खातं करायचं होतं.

पुण्याची एक कंपनी येऊन बघून गेली. त्यांनी सहा महिने मागितले. संचालकांना दिवाळीनंतर लगेच हवं होतं. आमच्या संगणक विभागाचे प्रमुख विजयसिंह सर. त्यांनी काम जयवंताताईला दिलं. ती अकरा महिन्यांच्या करारावर होती. करार जानेवारीअखेर संपायचा. सर म्हणाले, हे करून दाखव, तुला कायम करून घेतो.

ते 'कायम' मी निरवांगीत ऐकलंय. ताईच्या आईचं नाव धोंडाबाई. मी घरी गेले की पाण्याचा तांब्या देताना त्या विचारायच्या, "आमच्या जयीला कायम कवा करत्यात गं? तू कागदात असतीस, तुला ठावं असंल."

"आई, ती कागद लिहिते, करत न्हाय," ताई आतून ओरडायची.

दोन्ही याद्यांत सामाईक नंबर एकही नव्हता. आधार एकीकडे होतं, दुसरीकडे नव्हतं. मोबाईल नंबर बघावा, तर घरात फोन एक आणि तो मुलाच्या नावावर. शेवटी ताईनं नियम ठरवला. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, गाव, जन्मतारीख. पाचही जुळलं तर माणूस एक. एक जरी चुकलं तर सोडून द्यायचं.

"पाच गोष्टी जुळल्यावर आणि काय पायजे?" ती म्हणाली. "लग्नाला एवढं बघत न्हाईत."

दोनशे नावांवर करून बघितलं. एकही चूक निघाली नाही. नोव्हेंबरच्या मध्यावर एका सोमवारी तिनं दोन्ही डिरेक्टऱ्या जोडल्या. नऊशे चाळीस माणसांची दोन-दोन खाती एक झाली. विजयसिंह सरांनी पेढे आणले. ताईनं अर्धा पेढा खाल्ला आणि सर्व्हरच्या खोलीत गेली.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निरवांगीच्या शीतकेंद्रावरून आलेला एक टँकर बारामतीत रिकामा झाला. दूध नासकं होतं. टाकीतलं सगळं दूध फेकावं लागलं. पूर्वी बारामतीत टँकर पुन्हा तपासायचे. नवीन व्यवस्थेत शीतकेंद्राची मंजुरी आली की पुरे, असं ठरलं होतं. संगणकात मंजुरी होती. वेळ, पहाटे पाच चाळीस. नाव, मोहन हिंदुराव गलांडे.

मोहन गलांडे निरवांगीच्या केंद्रावर दूध तपासायचा. राहणारा कळसचा. त्याला त्याच दिवशी निलंबित केलं. तो म्हणाला, मी मंजुरी दिलीच नाही. त्याच्या वहीत त्या टँकरपुढे 'फुटलं' असं लिहिलेलं होतं. वही मागाहूनही लिहिता येते, असं त्याला सांगण्यात आलं. गावात बोलणं सुरू झालं की मोहननं टँकरवाल्याशी संगनमत केलं.

चार दिवसांनी त्याची बायको सारजा कार्यालयात आली. सरळ आत शिरली.

"हितं संगणक कोण सांभाळतंय?"

"मी," जयवंताताई म्हणाली.

"मग इचारा की त्याला. माझ्या नवऱ्यानं कवा दाबलं ते."

"वहिनी, बसा."

"बसायला न्हाय आले. इचारा."

ताईनं बघितलं. "पाच चाळीस."

"पाच चाळीसला ह्ये टँकरच्या मागं पळत हुते!" सारजा म्हणाली. "हातात काचेची नळी घिऊन. नळीत दूध फाटलेलं. वॉचमन बघून हसत हुता. चप्पल तुटली पळताना. एक हात नळीला, एक चपलंला. तिसऱ्या हातानं दाबलं का?"

कुणीतरी हसलं. सारजानं त्याच्याकडे बघितलं. तो हसायचा थांबला.

ताईचा पाय थांबला होता. ते मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

सारजा गेल्यावर ताईनं नोंदी काढल्या. मंजुरी मोबाईलवरून दिलेली होती. मोबाईल निरवांगीत नव्हता. कळसमध्ये होता, संकलन केंद्राच्या वायफायवर. निरवांगीपासून अर्ध्या तासाचा रस्ता. तिनं पुन्हा पुन्हा तीच ओळ वाचली. मग स्कूटरची किल्ली उचलली. "एमे, येतीस?"

वाटेत उसाच्या ट्रॉल्या होत्या. ती एरवी हॉर्न वाजवते. त्या दिवशी वाजवला नाही. नुसती मागे चालवत राहिली.

कळसच्या केंद्राचा सचिव ओट्यावर बसून हिशेबाची पुस्तकं लावत होता. जाड माणूस, कानात बाळी, हसरा. ताईनं विचारलं, "तुमचं पूर्ण नाव?"

"मोहन हिंदुराव गलांडे."

ताईनं माझ्याकडे बघितलं. तोच पुढे म्हणाला, "त्यो निलंबित केला त्यो मळ्यातला मोहन. मी ओढ्यावरचा. भावकी एकच, पर चार पिढ्या मागं. त्याचा बा हिंदुराव, माझा बा हिंदुराव. आमच्यात गल्लत कुणी करत न्हाय. पोष्टमनसुद्धा करत न्हाय."

"जन्मतारीख?"

"एक जून. दोघांची." तो हसायला लागला. "एकाच दिशी शाळंत घातलं आमाला. गुरुजींनी इचारलं, कवाचा जल्म? आई म्हणली, ज्वारीच्या काढणीत. गुरुजींनी लिवलं एक जून. अख्खा वर्ग एक जूनचा. एकोणऐंशी सालचा. गुरुजींचं तेवढंच काम कमी."

ताईनं त्याचा मोबाईल मागितला. वर लाल ठिपका होता. आत तीन टँकर मंजुरीसाठी थांबले होते.

"हे तुम्हाला कधीपासून दिसतंय?"

"दिवाळी झाल्यापासनं. रोज दिसतंय. रोज दाबतोय की."

"मंजूर म्हणून?"

"हिरवं हाय त्ये. दाबलं की लाल जातंय." त्याला काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं. तो उभा राहिला. "म्याडम, तुमीच सांगितलं की ट्रेनिंगला. लाल ठिपका दिसला म्हंजे काम बाकी हाय, त्यो ठेवायचा न्हाय. मी एक दीस बी ठेवला न्हाय."

त्यानं ते अभिमानानं सांगितलं. ट्रेनिंगला मीही होते. ताई खरंच तसं म्हणाली होती.

मळ्यातल्या मोहनचं खातं इंदापूरच्या यादीत होतं. ओढ्यावरच्या मोहनचं बारामतीच्या. पाचही गोष्टी जुळल्या. दोघं एक झाले. तपासणीसाला जे अधिकार होते ते सचिवाच्या मोबाईलवर आले. इकडे तपासणीस दूध तपासून संगणकाशी जाईपर्यंत यादी रिकामी झालेली असायची. नवीन व्यवस्थेत आपोआप होत असेल, असं त्याला वाटलं. ज्या दिवशी दूध फुटलं त्या दिवशी नामंजूर करायला त्याला टँकरच सापडला नाही. टँकरवाल्याच्या फोनवर 'निघा' आलं होतं. म्हणून तो पळाला.

परत आल्यावर ताईनं जुळलेल्या जोड्या जन्मतारखेप्रमाणे लावल्या. पडद्यावर एक जून, एक जून, एक जून. खाली सरकवत राहिली तरी संपेना. दोनशे बारा निघाल्या.

"मी एक जूनची," ती म्हणाली. "माझा भाऊ एक जूनचा. माझे दोन्ही चुलते एक जूनचे. आमच्या एका घरात चार. पुण्याच्या पोरांना हे म्हाईत नसतं तर चाललं असतं. मला म्हाईत होतं, एमे. आणि मी तारखेवर भरवसा ठेवला."

त्या दिवशी तिनं आधी दोन्ही मोहन वेगळे केले. मग विजयसिंह सरांकडे गेली. दार उघडं होतं. माझं टेबल समोर आहे.

सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चौकशीत आपण तांत्रिक अडचण म्हणू. मोहनला तीन महिन्यांनी परत घेतील, ते मी बघतो. पण दिवाळीनंतर संचालकांपुढे मी सांगितलंय की व्यवस्था चोख आहे. आणि तुझी कायमची फाइल अध्यक्षांच्या टेबलावर आहे. दोन्ही कामं होतील. जरा दम धर."

"तीन महिने तो कळसमध्ये काय म्हणून फिरणार, सर?"

"अगं, तीन महिने काय."

"त्याच्या पोरीचं बघायचं चाललंय. सारजावहिनी बोलल्या मला."

सरांनी समोरचा कागद बाजूला सारला. मग म्हणाले, "तू तुझं बघ ना आधी."

ती बाहेर आली. बसली, उठली, खिडकीत गेली, परत आली. भाकरीचा डबा उघडून तसाच मिटला. मी म्हटलं, ताई, सरांचं ऐक. मोहनला परत घेणारच आहेत. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी फाइली लावायला लागले.

चौकशी जानेवारीच्या नऊ तारखेला झाली. संचालकांच्या खोलीत लांब टेबल. अध्यक्ष, सात संचालक, विजयसिंह सर. मोहन दाराशी उभा. मी कोपऱ्यात वही घेऊन.

सरांनी निवेदन वाचलं. तांत्रिक अडचणीची शक्यता नाकारता येत नाही, असं त्यात होतं. एका संचालकांनी विचारलं, म्हणजे यानं दाबलं की नाही? सर म्हणाले, तपास सुरू आहे.

"त्यानं दाबलं नाही," जयवंताताई म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

मग तिनं दोन मोहनांचं सगळं सांगितलं. दोन मिनिटांत. उभ्यानं.

गेणबातात्या सगळ्यात जुने संचालक. ते म्हणाले, "म्हंजे ओढ्यावरच्या मोहनची चूक."

"न्हाय तात्या. त्याला मी शिकवलं होतं तसंच त्यानं केलं."

"मग मशिनीची?"

"मशिनीला मी नियम दिला. नियम माझा."

विजयसिंह सर माझ्याकडे वळले. "हे लिहू नका."

"लिही, एमे," ती म्हणाली.

मी लिहिलं. अक्षर आजही वाचून दाखवता येणार नाही.

अध्यक्षांनी विचारलं, "असे अजून किती आहेत?"

खोलीतल्या सगळ्यांना हवं ते उत्तर एकच होतं. हा एवढाच. ती तेवढं म्हणाली असती तर मिटलं असतं. मोहन सुटला असता. तिची फाइलही कदाचित सुटली असती. मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हण, एकच, म्हण.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"अंदाजे?"

"अंदाजावरच हे झालंय, अध्यक्षसाहेब. एक जूनच्या दोनशे बारा जोड्या आहेत. त्यातल्या किती खऱ्या, ते माणसाला जाऊन विचारल्याशिवाय कळणार नाही."

गेणबातात्यांनी चष्मा काढला. "माझीबी एक जूनच हाय," ते म्हणाले. ते कुणाला उद्देशून नव्हतं.

मोहन पुढच्या सोमवारी कामावर आला. त्याच्या पत्रात 'निलंबन मागे' एवढंच होतं, पण ते पत्र त्यानं कळसच्या चावडीवर लावलं असं मी ऐकलं. जयवंताताईला कुणी दोष दिला नाही. रागावलं नाही. तिच्या करारावर नूतनीकरण नाही, असा एका ओळीचा शेरा आला. तो शेरा आवकमध्ये मीच चढवला. नंबर टाकला, तारीख टाकली. तिला सांगायला मला दोन दिवस लागले.

"आज किती तारीख?" तिनं विचारलं.

"चौदा."

"मग सतरा दिवस हायेत."

ती आधी फोन करत सुटली. फोननं काम होईना. माणसं फोनवर सगळ्याला व्हय म्हणतात.

"तुम्ही इंदापूरच्या संस्थेत होता का?"

"व्हय."

"आणि बारामतीच्या संघातपण?"

"व्हय."

"की एकाच ठिकाणी?"

"व्हय."

म्हणून ती स्कूटरवर निघाली. कळस, निरवांगी, वस्त्या, मळे. जमेल तेव्हा मी मागे बसले. उसात तोड चालू होती. माणसं घरी सापडत नव्हती. ती फडात जायची. कोयता थांबवून विचारायची, पूर्ण नाव, कोणत्या वस्तीचे, कुणाचे, याच नावाचा दुसरा कुणी आहे का. लोक हसायचे. एक म्हातारा म्हणाला, "बाय, सोयरीक घिऊन आलीस का?" ती म्हणाली, "आबा, सोयरीक तोडायला आले."

तिच्याच गावात एक जोडी निघाली. एक ड्रायव्हर, आणि त्याच्याच नावाचा चार वर्षांपूर्वी वारलेला सचिव. ड्रायव्हरच्या मोबाईलवर दोन महिने मयताची कामं येत होती. त्यानं ती सगळी केली होती. आणखी चार जोड्या निघाल्या. प्रत्येक वेळी ती वस्तीवरच लॅपटॉप उघडायची, मांडीवर, स्कूटरच्या सीटवर, आणि माणसं वेगळी करायची. मग यादीत खूण.

विजयसिंह सरांनी तिला अडवलं नाही. पेट्रोलचं विचारलं, तर ती नको म्हणाली. एकदा सर मला म्हणाले, "तिला सांग, आता कशाला?" मी सांगितलं नाही.

धोंडाबाईंना तिनं अजून काही बोललं नव्हतं. मी गेले की त्या तेच विचारत होत्या. मी पाणी पिऊन तांब्या परत द्यायचे.

एकतीस तारखेला ती पाच वाजता आली. धुळीनं केस पांढरे झालेले. तिनं स्वतःचं खातं स्वतः बंद केलं. विंडोजमधलं, मग लिनक्समधलं. पासवर्ड विचारला तेव्हा बोटं हवेत नाही गेली, सरळ टाकला. किल्ल्या सरांच्या टेबलावर ठेवल्या. एक फाइल माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "एमे, वाचता येतंय का बघ. घाईत लिहिलंय." मी फाइल बघत राहिले. वर बघितलं तोवर जिन्यावर पावलं वाजत होती.

त्याला आता तेवीस दिवस झाले. तिच्या जागी अजून कुणी नाही. सर म्हणतात, माणूस आला की बघू.

फाइलमध्ये दोनशे बारा ओळी आहेत. एकशे एक्याऐंशी ओळींपुढे खूण आहे. एकशे ब्याऐंशीवी ओळ अशी: कुशाबाई बबन ढोले, वडगाव निंबाळकर. पुढे पेन्सिलीनं लिहिलंय, 'घरी नव्हत्या. सून म्हणाली, त्या नावाच्या गावात दोघी आहेत, सासूबाईंनाच विचारा. शुक्रवारी येते असं सांगितलंय.'

खालच्या तीस ओळी कोऱ्या आहेत.